धाव सोडणाऱ्याचे कर्तव्य

१८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली, तेव्हापासून हवापालटाकरिता लोणावळ्यास जाण्याचा प्रघात वाढत गेला. अलीकडे या सुटीस एक नवी जोड मिळाली आहे, ती डोंगरातील लांब पल्ल्याच्या धावेची. आपल्या पुणे जिल्ह्यातच सिंहगड, राजगड व तोरणा या तीन गडांना जोडणारी धाव भरते, आणि तीत दूरदूरचे लोक भाग घेतात. अशाच एका धावेत, मावळातील पायवाटांवर, आम्हीही एकदा धावलो. त्या प्रसंगी आमच्या हातून जी चूक घडली तिच्यामुळे एक प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. तोच आज वाचकांपुढे मांडावयाचा आहे.

दिवस भातकापणीचे होते व परतीचा पाऊस अद्याप पुरता गेला नव्हता. आम्ही पहाटे मळवलीहून निघालो, भाजे गाव ओलांडले आणि लोहगड व विसापूर यांमधील गायमुख खिंडीत पोहोचलो. तेथे चौकीवर बसलेल्या स्वयंसेवकाने आमच्या छातीवरील क्रमांक वहीत टिपून घेतला. येथवर सर्व ठीक झाले. पुढे गुडघा दुखू लागला, ढग खाली उतरले व दहा पावलांवरचे दिसेनासे झाले. तेव्हा धाव सोडून देण्याचे आम्ही ठरविले. हा निर्णय योग्यच होता, असे आम्हांस आजही वाटते.

चूक त्यानंतर झाली. पुढच्या चौकीवर जाऊन "आमच्याने होत नाही" असे सांगण्याची आम्हांस लाज वाटली. तेथे ओळखीचे लोक होते. म्हणून आडवाटेने आम्ही खाली उतरलो, वाटेत मिळालेल्या जीपगाडीत बसून बिऱ्हाडी आलो, फोन बंद केला व अंथरुणावर पडलो.

इकडे चौकीवरील वहीत आमचा क्रमांक खिंडीत होता आणि पुढे कोठेच नव्हता. संध्याकाळ झाली. जवळच्या वाडीतील चार तरुण दिवसभर भात कापून नुकतेच घरी आले होते. ते विजेऱ्या घेऊन आम्हांस शोधण्यासाठी ओहोळात उतरले. ओल्या कातळावरून त्यांच्यापैकी एकाचा पाय घसरला व त्याचे मनगट मोडले. त्या वेळी आम्ही पांघरूण घेऊन स्वस्थ निजलो होतो.

दुसऱ्या दिवशी सर्व हकीगत कळताच आम्ही वाडीवर गेलो. तो मुलगा हात गळ्यात बांधून ओटीवर बसला होता. त्याचे भात अर्धे उभे होते. त्याच्या आईने आम्हांस पाणी दिले व म्हणाली, "पाव्हनं, तुमी धड हायसा, लई बरं झालं. पर खाली उतरलो म्हून येक सबुद टाकायचा व्हता." औषधपाण्याचा व मजुरीचा खर्च आम्ही दिला, आणि त्यांनी तो संकोचाने घेतला. परंतु त्या बाईने मागितलेला एक शब्द देण्याची वेळ निघून गेली होती. तो आता कितीही पैशांनी देता येण्यासारखा नव्हता.

येथे कोणी म्हणेल की शरीर आमचे, धोका आमचा. आम्ही कोणास बोलाविले नव्हते, शोधणारे आपण होऊन गेले. हा युक्तिवाद वरवर सयुक्तिक दिसतो. परंतु मनुष्य हरवला असे समजताच शेजारी घरी बसतील काय? मावळातील माणसे बसत नाहीत. लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र' या संस्थेचे स्वयंसेवकही कड्यावर अडकलेल्यांस सोडविण्याकरिता दोर घेऊन दऱ्यांत उतरतात. जो डोंगरात शिरतो तो या लोकांच्या भरवशावर शिरतो, मग त्यास त्याची जाणीव असो वा नसो. तेव्हा त्यांच्या चांगुलपणाचे ओझे विनाकारण वाढवू नये, एवढे तरी त्याच्याकडे निश्चित लागते.

दुसरा आक्षेप आपल्या इतिहासातून येतो. १६७० साली सिंहगडावर तानाजी पडल्यावर सूर्याजीने परतीचे दोर कापले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. मग त्याच मावळात मागे फिरणे लाजिरवाणे नव्हे काय? आम्हांस वाटते की येथे दोन गोष्टींची गल्लत होते. गडावर जे मागे फिरले असते त्यांच्या पळण्याने त्यांचे सोबती मारले गेले असते. सुटीतील धावेत आम्ही थांबल्याने कोणाचे काय बिघडणार होते? ज्या माघारीची किंमत दुसऱ्यास द्यावी लागते ती माघार लाजिरवाणी होय. ज्या हट्टाची किंमत दुसऱ्यास द्यावी लागते तो हट्टही तितकाच लाजिरवाणा होय. आणि आम्ही केली तशी लपवालपवी या दोहोंच्याच पंक्तीस बसते.

ज्या देशात अशा धावा जुन्या आहेत तेथे हे पुष्कळ आधी ओळखले गेले. इंग्लंडातील केझिक गावी अतिथिगृह चालविणाऱ्या बॉब ग्रॅहॅम याने १९३२ साली बेचाळीस शिखरे २३ तास ३९ मिनिटांत पालथी घातली. त्याच्याही सोबतीस मित्र होते. त्या देशातील डोंगरी धावांचा नियम असा की, धाव सोडणाऱ्याने आपण सोडल्याचे चालकांस कळविलेच पाहिजे. धाव पुरी करण्याची सक्ती कोणावर नाही. कळविण्याची सक्ती मात्र सर्वांवर आहे.

चीन देशातील कान्सू प्रांतात २२ मे २०२१ रोजी शंभर किलोमीटरांची अशीच धाव होती. १७२ जण धावत होते. डोंगरमाथ्यावर एकाएकी गारा, गोठविणारा पाऊस व वादळी वारा सुटला, आणि एकवीस जण मृत्यू पावले. काही जण वेळीच मागे फिरले म्हणून वाचले. सहा जणांस चू केमिंग नावाच्या एका मेंढपाळाने वाचविले. तो गुहेत आसऱ्यास बसला होता. त्याने त्यांस आत आणले व शेकोटी पेटवून ऊब दिली. त्या धावेशी त्याचा काही संबंध नव्हता. डोंगरात शेवटी असाच कोणीतरी गरीब माणूस उपयोगी पडतो, मग तो डोंगर कान्सूचा असो वा मावळचा.

वाचकांपैकी बहुतेकांनी अशी धाव कधी धावली नसेल व पुढेही धावणार नाहीत. तरी ही गोष्ट त्यांच्या परिचयाची आहे. गावातील मुलगा शिकावयास पुण्यास जातो, परीक्षेत नापास होतो, लाजेने घरी कळवीत नाही, आणि बाप इकडे कर्ज काढून पैसे पाठवीतच राहतो. कोणी रात्रीचा वर्ग चालविण्याचे अंगावर घेतो, मध्येच कंटाळतो व नुसता येईनासा होतो. मुले मात्र कंदील घेऊन वाट पाहत बसतात. हातात घेतलेले काम झेपले नाही, यात पाप नाही. आपण थांबलो हे न सांगितल्यामुळे दुसरे आपल्यासाठी अंधारात उतरतात, हा अपराध आहे.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा त्याच धावेत उतरलो, आणि पुन्हा खिंडीपुढे गुडघ्याने दगा दिला. या वेळी आम्ही लंगडत पुढच्या चौकीवर गेलो व आपला क्रमांक सांगितला. लाज वाटली, नाही असे नाही. स्वयंसेवकाने वहीत आमच्या क्रमांकापुढे एक रेघ ओढली, आम्हांस चहा दिला, व तो पुढच्या धावकाची वाट पाहू लागला.