सावकाश बऱ्या होणाऱ्या रुग्णापाशी

थोडं बसा. ऐरोलीत वनविभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, त्याच्या आसपास खाडीकाठी, तिवरांच्या सावलीत बसला आहात असं धरा. हिवाळ्यात इथे लोक फ्लेमिंगो बघायला येतात. आज पक्ष्यांकडे बघायचं नाही. फक्त श्वास येतो-जातो तिकडे लक्ष ठेवा. लांबवू नका, आवरू नका.

आता एक रुग्ण मनासमोर आणा. ऑलिव्ह रिडले कासव. आयुष्य पाण्यात, पण श्वास फुप्फुसांनी. हवेसाठी त्याला वर यावंच लागतं, आणि जाळ्यात गुरफटलं की नेमकं तेच जमत नाही. त्याची फुप्फुसं पाठीच्या कवचाला लागून असतात. तिथे संसर्ग झाला किंवा पोटात वायू धरला, की कासव एका अंगावर कलतं, नुसतं तरंगत राहतं. बुडी मारता येत नाही. लाटा नेतील तिकडे जायचं आणि शेवटी किनाऱ्याला लागायचं.

थांबा इथे. वर यावंसं वाटतंय आणि येता येत नाही. खाली जावंसं वाटतंय आणि जाता येत नाही. दोन्ही क्षणभर मनात धरून पाहा.

मग त्याच्याशेजारी एक पशुवैद्य उभा करा. मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं. तिथून बाहेर पडलेल्या पिढ्या गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या, कुत्री यांच्यावर उपचार करत आल्या. समुद्री कासवासाठी वेगळा दवाखाना काढावा असं फार उशिरा कुणाच्या मनात आलं. डहाणूत तो झाला. वनविभागाच्या या डहाणूतल्या केंद्रात डॉ. दिनेश विन्हेरकर यांनी किनाऱ्याला लागलेली कासवं वर्षानुवर्षं तपासली. पर गमावलेल्या कासवाला कृत्रिम पर बसवण्याचा प्रयोगही त्यांनी केला. असा माणूस एकेका कासवाकडूनच शिकत जातो.

शिकायचं काय, तर मुख्यतः वेळ. कासवाचं शरीर भोवतालच्या पाण्याइतकं गार किंवा गरम असतं आणि आतला सगळा कारभार संथ. सेफ्टाझिडिम नावाचं प्रतिजैविक आहे. कुत्र्याला ते दिवसातून दोन-तीनदा द्यावं लागतं. समुद्री कासवाला साधारण ७२ तासांतून एकदा पुरतं.

हे ७२ तास जरा मनात घोळवा. सुई दिली. आता तीन दिवस वैद्याच्या हाताला करण्यासारखं थोडंच आहे. टाकीचं पाणी बदलायचं, मासा खातंय का पाहायचं, कललेली बाजू कालच्यापेक्षा सरळ झाली का ते बघायचं. रुग्ण विव्हळत नाही, शेपूट हलवत नाही, ओळखही दाखवत नाही. आपल्याला काहीतरी केल्याशिवाय राहवत नाही. या कामात मात्र उगाच काही न करणं हीच निम्मी विद्या. मला तर वाटतं, शस्त्रक्रियेपेक्षा हे अवघड असावं.

आणि बरं झालं, की सोडून द्यायचं. पुन्हा भेट नाही. २५ जानेवारी २०२२ रोजी वेळासच्या किनाऱ्यावर ‘प्रथमा’ नावाच्या मादीला उपग्रह-ट्रान्समीटर लावला. पश्चिम किनाऱ्यावरचं हे पहिलंच असं कासव. पुढे तिचे संदेश थांबले. ती कुठे गेली हे कुणी सांगू शकत नाही. उलट २०२१ साली ओडिशात धातूचा बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५मध्ये थेट गुहागरला अंडी घालायला आली. कुणी वाट पाहत नसताना आली.

तुम्ही कुणासाठी काही केलंत आणि पुढे त्याचं काय झालं ते कळलंच नाही, असं एखादं काम आठवा. त्याच्यापाशी जरा बसा. निकाल मागू नका.

वैद्याच्या आधी एक हात लागतो, तो कोळ्याचा. कासव सोडवायचं तर जाळं कापावं लागतं, आणि जाळं स्वस्त नसतं. म्हणून राज्याने २०१८च्या डिसेंबरात योजना आणली: संरक्षित सागरी जीव सोडवताना जाळं फाटलं, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. पिल्लं समुद्रात जाताना फोटो काढायला गर्दी होते, ती व्हावीच. पण भर समुद्रात पकड सोडून जाळ्याला सुरी लावणाऱ्याचा फोटो कुणाकडे नसतो.

आता सावकाश उठा. उरणला किंवा आणखी कुठे किनाऱ्यावर जिवंत कासव पडलेलं दिसलं, तर त्याला पुन्हा पाण्यात ढकलू नका. दमलेलं कासव बुडून मरतं. सावली करा, पाठीवर ओलं फडकं टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा, माणसं-कुत्री लांब ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.