रबराची रेघ

रात्रीचं जेवण आटोपलं आहे. बडोद्यातल्या कारेलीबागेतला व्हीआयपी रोड अजून जागा आहे, आणि अमितनगर सर्कलवरून अहमदाबादकडे निघालेल्या गाड्यांचे हॉर्न गच्चीपर्यंत ऐकू येतात. येऊ द्या. ते थांबण्याची वाट पाहू नका. सतरंजीवर पाठ ताठ ठेवून बसा, खांदे सैल सोडा, आणि आवाज कानावर घेतच मनाने उत्तरेकडे चला.

आपण ग्रेटर नोएडाला, बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर जाणार आहोत. एका फेरीचं अंतर 5.125 किलोमीटर, वळणं 16. जर्मन रचनाकार हेरमान टिल्के यांनी आराखडा केला. 2011 साली इथल्या फॉर्म्युला वन शर्यतीच्या पात्रता फेरीत सेबास्टियन व्हेटेलने हे अंतर 1 मिनिट 24.178 सेकंदांत कापलं. आपल्याला घाई नाही. आपण पायी फिरू.

सुरुवातीच्या रेषेजवळ उभे राहा. समोर कुणी नाही. खाली वाका आणि डांबरावर हात ठेवा. एका बाजूला ते खरखरीत आहे, त्यावर बारीक धूळ आहे. थोडं सरकलात की हाताला गुळगुळीतपणा लागतो, आणि नजरेला एक काळपट पट्टा दिसतो. तो कुणी रंगवलेला नाही. तापलेले टायर झिजतात, त्यांचं रबर डांबराला चिकटतं. एका गाडीमागून दुसरी, मग तिसरी त्याच वाटेने जाते आणि पट्टा दाट होतो. त्यावर पुढच्या टायरांची पकड अधिक घट्ट बसते. म्हणजे पुढे गेलेला प्रत्येक जण, स्वतःच्या वेळेसाठी धडपडताना, मागून येणाऱ्यासाठी काहीतरी ठेवून जातो.

इथे थांबा. चार-पाच श्वास होईपर्यंत त्या पट्ट्याकडे पाहा.

ऑक्टोबर 2011 मध्ये, पहिल्या सरावाच्या सकाळी, ही रबराची रेघ नव्हती. ट्रॅक कोरा होता, वाट सोडली की चाकाखाली धूळ. त्या सकाळी एक कुत्राही ट्रॅकवर आला आणि सगळ्यांना थांबावं लागलं. मग गाड्या फिरत राहिल्या, रविवारपर्यंत रेघ उमटली. 30 ऑक्टोबरला 60 फेऱ्यांची शर्यत व्हेटेलने जिंकली. नारायण कार्तिकेयन 17वा आला. मला त्या 17व्या जागेपाशी जास्त वेळ थांबावंसं वाटतं. हा 2005 साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय. 2011 मध्ये त्याच्या हाती एचआरटी संघाची मागे पडणारी गाडी होती, आणि ती त्याने आपल्या लोकांसमोर शेवटपर्यंत नेली. त्या काळ्या पट्ट्यात त्याचंही रबर आहे. विजेत्याचं कोणतं आणि त्याचं कोणतं, हे वेगळं काढता येणार नाही.

त्याच्याही मागे जा. चेन्नईजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली एक धावपट्टी होती. 1953 मध्ये मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला आणि विमानांसाठी बांधलेल्या त्या पट्टीवर गाड्यांच्या शर्यती भरू लागल्या. पुढे 1990 मध्ये क्लबचा स्वतःचा ट्रॅक इरुंगाट्टुकोट्टईला उभा राहिला. नारायणसारखी मुलं तिथे घडली. आपल्याकडे कोल्हापुरात मोहिते कुटुंबाने कार्टिंगचा ट्रॅक केला, त्यावर कितीतरी पोरांचे हात पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसले. ज्यांची नावं आज कुणी घेत नाही अशांनी आधी किती फेऱ्या मारल्या असतील!

आता चालू लागा. पहिली दोन वळणं मागे टाका. तिसऱ्याकडे रस्ता चढतो, श्वास थोडा जड होईल. पुढे एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा. इथे फॉर्म्युला वनची गाडी ताशी 320 किलोमीटरच्या आसपास जायची, आणि टोकाला चौथं वळण. तिथे ब्रेक. या पट्ट्याच्या टोकाशी पोहोचताना श्वास लांब सोडा, पोट आत जाईपर्यंत. तिसऱ्या आणि चौथ्या वळणाची तोंडं मुद्दाम रुंद ठेवली आहेत. रेघ एक असली तरी आत शिरायच्या वाटा अनेक असाव्यात, मागच्याला पुढे जायला जागा मिळावी, म्हणून. मला या सर्किटमधली ही सगळ्यात उदार गोष्ट वाटते.

आता मनातच पाऊस पाडा.

पाणी पडलं की तीच काळी रेघ निसरडी होते. रबराने डांबरातले बारीक खळगे बुजवलेले असतात, पाणी वर साचतं. जाणता चालक तेव्हा रेघ सोडतो आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूने, कुणी न वापरलेल्या खरखरीत डांबरावरून गाडी नेतो. काल ज्याने पकड दिली त्याच्यापासून आज हातभर दूर. त्याला रेघेचा राग आलेला नसतो. ऊन पडलं की तो परत येतो.

तुमचे पणजोबा कदाचित गायकवाडांच्या चाकरीत साताऱ्याहून किंवा पुण्याहून बडोद्यात आले असतील. त्यांनी पाडलेली कोणती रेघ तुम्ही रोज गिरवता? तिच्यावर पकड बसते का? आणि ती सोडायची वेळ आली होती तेव्हा तुम्ही काय केलं? उत्तर शब्दांत मांडू नका. प्रश्न वळणावर ठेवा आणि चालत राहा.

27 ऑक्टोबर 2013. व्हेटेल इथे सलग तिसऱ्यांदा जिंकला, चौथं जगज्जेतेपद त्याच दिवशी पक्कं झालं. पुढे शर्यतीवरच्या करांचा वाद मिटला नाही आणि फॉर्म्युला वन परत आली नाही. सप्टेंबर 2023 मध्ये मोटोजीपीच्या मोटरसायकली आल्या. उष्म्यामुळे शर्यत 21 फेऱ्यांवर आणली गेली. मार्को बेझेक्की जिंकला. दोन चाकांची रेघ चार चाकांच्या रेघेहून निराळी असते, तीही त्याच डांबरावर उमटली.

शेवटचं वळण घ्या. शर्यत संपली, झेंडा पडला, तरी एक संथ फेरी उरते. या फेरीत चालक मुद्दाम रेघ सोडून कडेने जातात. तिथे झिजलेल्या रबराच्या गोळ्या पडलेल्या असतात; गरम टायरांना त्या चिकटतात आणि पुढे गाडीचं वजन होतं तेव्हा तेवढा भार कामी येतो. त्यात सगळ्यांच्या टायरांचं रबर मिसळलेलं असतं. तुम्हीही कडेने चला. जे चिकटेल ते चिकटू द्या, आणि डोळे उघडायची घाई करू नका.