स्थैर्य आणि कंप

प्रयोगशाळेंतील नाजूक तराजू वापरणाऱ्यास एक गोष्ट पहिल्याच वर्षीं शिकावी लागते. कांटा थांबण्याची वाट पाहावयाची नाहीं. तो डावीउजवीकडे कोठवर जातो हें टिपावयाचें आणि त्यावरून त्याचें विश्रांतिस्थान काढावयाचें. जो कांटा मुळींच हलत नाहीं, तो अडकला आहे असें आपण समजतों. माणसाच्या मनाविषयीं मात्र आपला न्याय नेमका उलट असतो. जें मन हलत नाहीं त्याला आपण धीरोदात्त म्हणतों. हा न्याय बरोबर आहे काय?

रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञास १८२७ सालीं पाण्यांत तरंगणारे परागांतील सूक्ष्म कण अखंड नाचतांना दिसले. पाणी तर निश्चल होतें. १९०५ सालीं आइन्स्टाइननें याचा उलगडा केला तो मोठा मार्मिक आहे. पाण्याचे रेणु कणास चहूंकडून धक्के देतात म्हणून तो भटकतो. आणि तोच कण आपण ओढूं लागलों तर तेच रेणु त्याला अडवितात. उगाच भटकणें आणि ओढीला दाद देणें हीं एकाच व्यवहाराचीं दोन अंगें असल्यामुळें एकावरून दुसऱ्याचें माप काढतां येतें.

उष्णतेचीही हीच कथा. भोंवतालाशीं समतोल साधलेल्या पदार्थाची ऊर्जा क्षणोक्षणीं किंचित् वरखालीं होत असते. आणि तापमान तेंच असतां हा चढउतार जितका मोठा, तितकी त्या पदार्थाची उष्णता सामावून घेण्याची शक्ति मोठी. लिटरभर हवेंत हा चढउतार सुमारें २५,००० कोटींत एक भाग एवढाच. म्हणून ती आपल्याला शांत भासते. पण ज्याच्या ऊर्जेंत चढउतार मुळींच नाहीं, त्याला भोंवतालच्या वाढत्या उन्हाची दादही नाहीं. समतोल म्हणजे निश्चलता नव्हे, एवढें यावरून उघड होतें.

याचें दुसरें टोकही आहे. सुमारें ३१ अंशांवर कार्बन डायऑक्साइडमध्यें द्रव आणि वायु हा भेदच मावळतो, हें अँड्र्यूजनें १८६९ सालीं सांगितलें. तेथें दाब रेसभर वाढला तरी घनता विलक्षण बदलते, आणि आपोआप होणारे घनतेचे चढउतारही इतके फोफावतात कीं स्वच्छ नळी दुधासारखी गढूळ दिसूं लागते. स्मोलुखोव्स्कीनें १९०८ सालीं त्याचें कारण दाखविलें. ज्यांना जगांतील प्रत्येक गोष्ट लागते, त्यांच्या मनांतून पलीकडचें कांहींच दिसेनासें होतें, तें असेंच असावें.

तारा मात्र या हिशेबांत बसत नाहीं. आपल्या गुरुत्वाकर्षणानें बांधलेला हा वायूचा गोळा उष्णता गमावतो तसा आकुंचन पावून अधिकच तापतो! म्हणूनच स्थिर तापमानाच्या भोंवतालाशीं त्याचा समतोल टिकत नाहीं. अशीं माणसेंही थोर असतात. त्यांच्याविषयीं घरच्यांस विचारावें.

जडाचे नियम मनाला लावूं नयेत, हें मलाही मान्य आहे. मन म्हणजे वायूची नळी नव्हे. मी स्वतः हा दृष्टांत सहज विसरलों असतों. पण गेल्या पावसाळ्यांत एक विद्यार्थी वडील वारल्यामुळें शिक्षण सोडीत असल्याचें सांगावयास आला. मीं त्याला फीची सवलत, परीक्षेचा अर्ज यांविषयीं नीट माहिती दिली, चार धीराचे शब्द सांगितले, आणि घड्याळ पाहून तासावर गेलों. ‘सर किती शांत आहेत,’ असें तो मित्राजवळ म्हणाल्याचें मागाहून कानांवर आलें, आणि मला तें बरें वाटलें. दोन आठवड्यांनीं आइन्स्टाइनचें तें समीकरण फळ्यावर लिहितांना हात थांबला. त्याचे वडील कशानें गेले, घरीं आतां कोण आहे, हें मीं त्याला विचारलेंच नव्हतें.

त्याच्या गांवचा पत्ता कचेरींतून आणून ठेवला आहे. पत्राचे दोन मसुदे केले. दोन्ही फार व्यवस्थित झाले म्हणून फाडले. तिसरा आज रात्रीं लिहावयास बसणार आहे.