नोंद आणि नक्षी

मनुष्य कोठे व केव्हा जन्मला, ही निव्वळ माहितीची बाब. मग तिच्याभोवती वेलबुट्टी काढण्याचे प्रयोजन काय? नक्षी आली की सत्यास मुरड पडते, असे मानणारा एक कडक पक्ष आहे. त्या पक्षाने पेनसिल्व्हानियातील जर्मन वसाहतकारांच्या कुलपत्रांकडे एकवार पाहावे, अशी आमची विनंती आहे.

१६८३ साली तेथे जर्मनटाऊन वसले आणि पुढील शतकात ऱ्हाइनकाठची सहस्रावधी कुटुंबे त्या प्रांतात आली. त्यांच्यातील ल्यूथरपंथी व रिफॉर्म्डपंथी लोकांत मुलाच्या बाप्तिस्म्याचे ‘टाउफशाइन’ नावाचे पत्र करवून घेण्याची चाल होती. बहुधा शाळामास्तर ते लिही. ‘फ्राक्टुर’ या तुटक वळणाच्या अक्षरावरून त्या कलेसही तेच नाव पडले. पत्रात बालकाचे नाव, जन्माची तिथी व स्थळ, पिता, माता, तिचे माहेरचे नाव आणि कित्येकदा जन्मराशीसुद्धा. सभोवार ट्यूलिपची फुले, बदाम, पक्षी, देवदूत. हा दाखला चर्चचा नव्हे, सरकारचाही नव्हे. पेटीच्या झाकणास आतून चिकटवावा अथवा बायबलात जपावा, इतकाच त्याचा मान.

पुढे १८३६ व १८३८ च्या कायद्यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील सैनिकांच्या विधवांस निवृत्तिवेतन मिळण्याची सोय झाली. त्यासाठी विवाहाचा काळ शाबीत करणे आले. राज्यभर जन्माची सरकारी नोंद पेनसिल्व्हानियात १९०६ साली सुरू झाली; मग त्या वृद्धांजवळ दुसरे काय असणार? कित्येकींनी बायबलातील पाने फाडून आणि मुलांची ही रंगीत पत्रे काढून अर्जासोबत वॉशिंग्टनला धाडली. त्यांतील पुष्कळ आजही तेथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

या पत्रांस पुराव्याचे मोल आले ते कशामुळे? आमच्या मते, ती पुराव्यासाठी लिहिलीच नव्हती म्हणून. ज्यास दावा करावयाचा असतो तो शब्द तोलून लिहितो. पक्षी रंगविणाऱ्याच्या मनात कोणताही दावा नव्हता. नक्षी म्हणजे सत्याची हमी, असे मात्र आम्ही म्हणत नाही. कित्येक पत्रे जन्मानंतर बऱ्याच वर्षांनी, घरच्यांच्या सांगण्यावरून लिहिली गेली. तेथे चूक संभवते. पण चूक वेगळी आणि लबाडी वेगळी.

उरतो तो अधिक कठीण प्रश्न. पत्र मुलाचे, पोट आईचे. ते देऊन टाकण्याचा तिला अधिकार होता काय? होता, असेच आम्हांस वाटते. स्मृती जिवंत माणसांसाठी असते. तिच्यासाठी माणसाने उपाशी राहावे, असे कोणत्याही स्मृतीचे मागणे असू शकत नाही. दोष द्यावयाचाच तर तो, नक्कल उतरून घेऊन मूळ पत्र परत करण्याचे ज्या व्यवस्थेस सुचले नाही, तिला द्यावा. त्या पेटाऱ्यांत ती पत्रे सुरक्षित राहिली, हे खरे. परंतु ज्या घरांसाठी ती रंगविली होती, त्या घरांत झाकणाच्या आत एक रिकामी जागा राहिली, हेही तितकेच खरे.