तीनशे फुटांवरची मोटर

गोंदियाला खेटून असलेल्या फुलचूरमध्ये दोन भावांची वाटणी झाली. रस्त्याकडचे किराणा दुकान आणि विजेचे मीटर थोरल्याकडे राहिले, मागचे आवार धाकट्याला मिळाले. मुलूख धानाचा, म्हणून धाकट्याने तिथे ३ एचपीचा सिंगल फेज हालर बसवला. दुकानातून ३०० फूट वायर ओढली, हालरपाशी सबमीटर लावले. त्यातल्या युनिटांचे पैसे तो दर महिन्याला दादाच्या हातावर ठेवी. वायर घेताना त्याने दुकानदाराला मोटरची एचपी सांगितली होती. अंतर सांगायचे राहिले.

पहिल्याच हंगामात मोटर रुसली. सुरू होताना नुसती गुणगुणायची. कंडेन्सर बदलला, वाइंडिंग करून आणली. शेवटी स्टॅबिलायझर आणला, तर वायर आणखीच तापू लागली. टेस्टर मात्र लख्ख पेटायचा. मग धाकट्याच्या मनाने घेतले, दादाच पुढे काहीतरी करतो. भावाभावांचे बोलणे बंद झाले. जावांचे चालू होते, म्हणून निदान म्हातारे वायरमन मामाजी घरात आले.

स्टॅबिलायझर बाजूला काढून, मोटर बंद ठेवून मामाजींनी दोन्ही टोके मोजली. पुढे २२८ व्होल्ट, मागे २२८.

"दादाकडून वीज पुरी येऊन राह्यली."

"मग मोटर काऊन नाही ओढत, मामाजी?"

"उभ्या बैलाची दमछाक दिसते का? हालर चालू कर, धान टाक."

धान पडले. पुढे २२६, मागे २०६.

वीस व्होल्ट वाटेतच गेले होते. अडीच एमएमची तांब्याची वायर, जाऊन-येऊन ६०० फूट, आणि तिच्यातून १५ अँपिअर. भारतीय मानकाप्रमाणे इमारतीत मोटरपर्यंत ५ टक्के घट चालते. इथे ९ टक्के झाली होती. शिवाय सुरू होताना मोटर चौपट-पाचपट करंट मागते, म्हणजे घटही तितकीच वाढते. व्होल्टेज निम्म्यावर आले की मोटरचा जोर पावच उरतो. स्टॅबिलायझर मागे व्होल्टेज चढवून देतो खरा, पण त्यासाठी त्याच बारीक वायरीतून जास्त करंट ओढतो. जुने कर्ज फेडायला नवे काढावे, तसेच.

"हे जे वाटेत जळतं," मामाजींनी विचारले, "ते कोणाच्या बिलात?"

तीनशे वॅट. दिवसाला आठ तास हालर चालला तर जवळपास अडीच युनिट. सबमीटर हालरपाशी, म्हणजे वायरीच्या शेवटच्या टोकाला. वाटेतली जळ त्यात दिसतच नव्हती. ती थोरल्याच्या मीटरवर पडत होती.

थोरला तराजूजवळ उभा होता. "दोन आकडे जुळत नव्हते, मी पाहून राह्यलो होतो. पण सांगू कोणाले? हा बोलत होता का?"

धाकट्याने मान वर केली नाही.

मामाजींनी १६ एमएमची ॲल्युमिनियम केबल टाकली. तांब्याची १० एमएम चालली असती, पण खिसा पाहावा लागतो. दोन्ही टोकांना बायमेटॅलिक लग दाबून बसवले, कारण तांब्याला ॲल्युमिनियम नुसते पिळले की सांधा तापतो. आता हालर भरात असताना घट ५ व्होल्ट. सबमीटर धाकट्याने स्वतःच उचलून दुकानात, दादाच्या मीटरशेजारी लावले.

जुनी वायर फेकली नाही. ती आता मागच्या गोठ्यातल्या ९ वॅटच्या दिव्याला आहे, आणि दिवा लागलेला असतानाही दोन्ही टोकांना आकडा सारखाच येतो.