दोघांपैकी कोण पडलं?

गेल्या दिवाळीआधी आईचा पुण्याहून फोन आला. "बाबा बाथरूममध्ये घसरले, पण मावशींनी धरलं म्हणून वाचले." मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि लॅबमध्ये परत गेलो. बाबांना सावरताना मावशी स्वतः पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं, हे चार दिवसांनी कळलं. तेही ब्यूरोने बदली बाई पाठवली म्हणून. मी विचारलंच नव्हतं.

इथे अमेरिकेत नर्सिंग होममधले आजोबा पडले, तर ते त्यांच्या ठरावीक मूल्यांकनात नोंदवतात. त्यांची सहायिका पडून जखमी झाली, तर ती नोंद 'ओशा'च्या वेगळ्या वहीत जाते. फरशी एकच, वह्या दोन.

या सहायिकांना केंद्रीय नियमानुसार किमान ७५ तासांचं प्रशिक्षण असतं. त्यात शिकवतात: पडणाऱ्याला ओढून धरू नका, आपल्या अंगाच्या आधाराने हळूहळू जमिनीवर टेकवा. ओल्या फरशीवर धावू नका. नियम शहाणपणाचेच आहेत. पण रात्री एकटीवर डझनभर खोल्या असताना घंटा वाजते. ती सावकाश गेली तर आजी एकट्याच उठू बघणार. धावली तर ती स्वतः घसरणार. काहीही झालं तरी चूक तिचीच दिसते.

"धावायला कोणी सांगितलं होतं?" हा प्रश्न म्हणूनच मला अप्रामाणिक वाटतो. न धावण्याची किंमत दुसऱ्या कुणाला मोजावी लागणार असेल, तर तिला मोकळी निवड कसं म्हणायचं? कामावर ठेवताना तिची माया आपण गृहीत धरतो. हाड मोडलं की त्याच मायेला निष्काळजीपणा म्हणतो. आणि रात्री किती माणसं ठेवायची, हे ठरवणारा त्या खोलीत कधीच नसतो.

आमच्या घरी तो मीच होतो. बाथरूममध्ये आधाराचा दांडा बसवायचं दोन वर्षं पुढे ढकलत होतो.

दुबळ्या म्हाताऱ्याची काळजी आधी, हे मला मान्य आहे. पण 'आधी' म्हणजे 'फक्त त्याचीच' नव्हे.

दांडा आता बसवला. मावशींच्या उपचाराचा खर्च आणि खाड्यांचा पगार द्यायचं ठरवलं, तेव्हा "तेवढीच मदत" असं मी म्हणून गेलो. आई म्हणाली, "मदत कसली? देणं आहे ते आपलं."