रुजू होताच रजा

नवी नोकरी लागली की घरात पेढे येतात, चर्चमध्ये आभाराची मिस्सा होते आणि मुलगा किंवा मुलगी सकाळची लोकल गाठून मुंबईच्या वाटेला लागते. त्या आनंदाच्या दिवसांत एक साधी गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही. नोकरी लागण्यापूर्वी सुरू असलेले आयुष्य नोकरी लागली म्हणून थांबत नसते. बहिणीचे लग्न सहा महिन्यांपूर्वीच ठरलेले असते. आईच्या शस्त्रक्रियेची तारीख रुग्णालयाने केव्हाच दिलेली असते. आजोबा अंथरुणाला खिळलेले असतात आणि त्यांचे बोलावणे कधी येईल हे कोणालाच सांगता येत नाही. मग रुजू होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच साहेबांपुढे उभे राहून रजा मागण्याची वेळ येते आणि जीभ जड होते. मागावी की मागू नये? मागायची तर हक्क म्हणून, की उपकार म्हणून? प्रश्न दिसायला लहान आहे, पण तो किती लहान आहे हे त्याचे उत्तर कसे दिले जाते यावर ठरते.

आपल्या समाजात तर हा प्रश्न वारंवार उभा राहतो. आगमनकाळात आणि उपवासकाळात आपल्याकडे सहसा लग्ने होत नाहीत. त्यामुळे नाताळानंतरचे आठवडे आणि ईस्टरनंतरचा मे महिना लग्नांनी भरून जातो. चर्चमधील वेळ, हॉल, बँड, स्वयंपाकी या साऱ्यांची जुळवाजुळव कित्येक महिने आधी करावी लागते. तीन रविवारी लग्नाची घोषणा होते. अशा वेळी भावाला नोकरीचे पत्र आले म्हणून बहिणीच्या लग्नाची तारीख पुढे ढकलता येत नाही. इथे कोणाची चूक नसते. आधी दिलेला एक शब्द आणि नंतर दिलेला दुसरा शब्द एकाच दिवशी समोरासमोर येतात, एवढेच.

कायद्याला विचारले तर तो हिशेबाची वही उघडतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने भरपगारी वार्षिक रजेसाठी वर्षात २४० दिवस काम केलेले असावे अशी अट घातली आणि कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस रजा ठरवली. २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या श्रमसंहितेत ही अट १८० दिवसांवर आणली गेली. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७२ मध्ये झालेल्या रजा नियमांत तर रजा हक्क म्हणून मागता येणार नाही, असे स्पष्टच म्हटले आहे. थोडक्यात, नव्याने आलेल्या माणसाच्या खात्यावर अजून काही जमा नसते.

परंतु हाच कायदा काही ठिकाणी थांबून माणसाकडे पाहतो. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत १६० दिवस काम केलेले असण्याची अट होती. १९८८ च्या दुरुस्तीने ती ८० दिवसांवर आणली. बाळंतपण आणि सहलीची रजा एका तराजूत तोलता येत नाहीत, हे कायद्यालाही उमगले. कष्टाचे दिवस मोजणे रास्तच आहे, पण गरजेचे वजनही पाहावे लागते.

धर्मसभेची शिकवण याच दिशेने जाते. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये कामगारांविषयी जे परिपत्रक काढले, त्यात मालक आणि कामगार यांच्यातील प्रत्येक करारात शरीराला व आत्म्याला पुरेशी विश्रांती मिळण्याची अट, लिहिलेली असो वा नसो, गृहीत धरलेली असते, असे प्रतिपादन केले आहे. १९८१ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी आपल्या परिपत्रकात श्रमापेक्षा श्रमणारा माणूस मोठा, हे सूत्र मांडले. नोकरीचे पत्र स्वीकारताना माणूस आपले श्रम देऊ करतो. आपले पुत्रत्व, भावाचे नाते किंवा मातृत्व तो त्या पत्राबरोबर सही करून देत नाही.

पवित्र शास्त्रात या प्रश्नाचे आश्चर्य वाटावे इतके जिवंत दाखले आहेत. अनुवादाच्या पुस्तकात विसाव्या अध्यायात लढाईला निघालेल्या सैन्याचे वर्णन आहे. शस्त्रे हाती घेण्यापूर्वीच अंमलदार पुकारा करतात. ज्याने नवे घर बांधले पण अर्पण केले नाही, ज्याने द्राक्षमळा लावला पण त्याचे फळ चाखले नाही, ज्याची सोयरीक झाली पण लग्न झाले नाही, त्याने घरी परतावे. युद्धापेक्षा निकडीचे काम कोणते असणार? तरीही तिथे, आरंभालाच, माणसाच्या आधीच्या शब्दाला मान दिला आहे. विशेष म्हणजे येथे रजा शिपायाला मागावी लागत नाही. अधिकारीच पुढे होऊन विचारतात.

अलीशाची गोष्ट तर नेमकी आपल्या विषयाची आहे. तो बारा जोड्या लावून शेत नांगरत असताना एलीया संदेष्टा आपला झगा त्याच्या अंगावर टाकतो. म्हणजे नेमणूक झाली. अलीशाची पहिली विनंती कोणती? आईवडिलांचे चुंबन घेऊन येतो, मग मागोमाग येतो. एलीया त्याला अडवत नाही. अलीशा परत जातो, बैल कापतो, नांगराची लाकडे जाळून मांस शिजवतो, लोकांना जेवू घालतो आणि मग निघतो. मागितलेल्या रजेचा त्याने काय उपयोग केला, हे पाहण्यासारखे आहे. जुन्या आयुष्याचा निरोप त्याने असा घेतला की पुन्हा मागे वळण्याचे कारणच उरले नाही.

येथे कोणी लूकच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय पुढे करील. तिथे एक जण वडिलांना पुरण्यासाठी आणि दुसरा घरच्यांचा निरोप घेण्यासाठी सवड मागतो, आणि प्रभू येशू दोघांनाही कठोर वाटावे असे उत्तर देतो. नांगराला हात घातल्यावर मागे पाहणारा देवराज्याच्या उपयोगाचा नाही, असा त्या उत्तराचा आशय आहे. मग नव्या नोकरदाराने रजा मागूच नये काय? मला वाटते, हा उतारा वाचताना बोलावणारा कोण आहे हे विसरता कामा नये. आईवडिलांच्याही आधी आपल्यावर ज्याचा अधिकार आहे, तोच असे मागणे मागू शकतो. कोणतीही कचेरी, बँक वा कंपनी त्या जागी बसू शकत नाही. ‘आधी कंपनी, मग घर’ असे म्हणणारा वरिष्ठ नकळत देवासाठी राखलेल्या आसनावर बसू पाहतो, आणि भीतीपोटी त्याला तिथे बसू देणारा कर्मचारीही त्या चुकीचा वाटेकरी होतो.

तथापि दुसऱ्या बाजूचा दाखलाही तितकाच स्वच्छ आहे. मोठ्या मेजवानीच्या दाखल्यात बोलावलेले पाहुणे सबबी सांगतात. एकाने शेत विकत घेतले आहे, ते पाहायला जायचे आहे. दुसऱ्याने बैलांच्या पाच जोड्या घेतल्या आहेत, त्यांची परीक्षा करायची आहे. तिसऱ्याचे लग्न झाले आहे. यातले काही खोटे असेलच असे नाही. पण शेत उद्याही तिथेच असते आणि बैल परवाही जोखता येतात. यातून आपल्याला एक साधी कसोटी मिळते. हे काम दुसऱ्या दिवशी होऊ शकते काय? माझ्यावाचून होऊ शकते काय? बहिणीचा विवाह, मुलाचा पहिला कम्युनियन संस्कार, आईची शस्त्रक्रिया, वडिलांचा दफनविधी यांना दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे येते. मित्रमंडळींची महाबळेश्वरची सहल असेल, तर उत्तर निराळे येईल. तिच्यासाठी पहिल्या महिन्यात रजा मागणारा आपल्याच शब्दाची किंमत कमी करतो, आणि पुढे खरी गरज पडते तेव्हा त्याच्यापाशी फारसे काही उरलेले नसते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. नव्या माणसाच्या खात्यावर ना केलेले दिवस असतात, ना मिळवलेली मर्जी. मग तो कशाच्या आधारावर मागतो? त्याच्यापाशी फक्त त्याचा शब्द असतो. जुना कर्मचारी दहा वर्षांच्या कामाच्या आधारावर मागतो, नवा आपल्या खरेपणाच्या. म्हणूनच पहिल्या रजेच्या अर्जात असत्य लिहिणे ही फार महाग पडणारी गोष्ट आहे. खरे कारण सांगितले तर नाही म्हणतील, या भीतीने कितीतरी मुले आधीच देवाघरी गेलेल्या आजीला अर्जात पुन्हा एकदा मारतात, किंवा अंगात नसलेला ताप आणतात. आपण ते हसण्यावारी नेतो. पण त्यानंतर वर्षानुवर्षे जिथे काम करायचे, तिथल्या नात्याचा पायाच त्या अर्जाने घातलेला असतो. शिवाय लग्नाचे फोटो कुठे ना कुठे दिसतातच. नाही दिसले तरी, आपण फसवले आहे हे ज्याचे त्याला ठाऊक असते.

याचा अर्थ घरातले सारे उघड करावे असा नव्हे. कोणाचे आजारपण, कोणाच्या संसारातले दुःख हे साहेबांच्या टेबलावर मांडायलाच हवे, असा दंडक नाही. ‘घरगुती कारण आहे, पुढे ढकलता येणार नाही’ एवढेच सांगून थांबणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. मालकाला आपण कामावर कधी असू आणि कधी नसू, हे जाणण्याचा हक्क आहे. आपले घर जाणण्याचा नाही.

मग सांगावे कधी? तारीख आधीच ठरलेली असेल तर निवड झाल्यावर आणि रुजू होण्यापूर्वी. त्या वेळी दोन्ही पक्ष मोकळे असतात. मालकाला आपली व्यवस्था करता येते, प्रसंगी रुजू होण्याचा दिवस आठवडाभर पुढे नेता येतो. सारे ठाऊक असून तोंड मिटून रुजू होणे आणि मग आदल्या दिवशी चिठ्ठी ठेवणे, हे समोरच्याला कोंडीत पकडणे होय. अचानक ओढवणाऱ्या प्रसंगाची गोष्ट अर्थातच वेगळी. मृत्यू तारीख देऊन येत नाही.

सांगावे कसे, याचा धडा नहेम्याकडून घ्यावा. शूशन राजवाड्यात तो अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार होता. यरुशलेमची तटबंदी मोडून पडल्याची वार्ता त्याने ऐकली, तो रडला, त्याने प्रार्थना केली, आणि सुमारे चार महिन्यांनी राजासमोर ते दुःख त्याच्या चेहऱ्यावर उमटले. राजाने विचारले तेव्हा तो फार घाबरला, हे त्याने स्वतःच नमूद केले आहे. पण सांगितले ते खरेच सांगितले. तुला किती दिवस लागतील आणि तू परत कधी येशील, असे राजाने विचारताच त्याने मुदत ठरवून दिली. खरे कारण, नेमके दिवस, परतण्याचा वायदा. आजही अर्जात याहून अधिक काही लागत नाही.

एक गोष्ट मात्र त्यात भरावीशी वाटते. आपण नसताना आपले काम कोण करणार? रजा साहेब मंजूर करतात, पण तिचे ओझे शेजारच्या टेबलावर जाते. रात्रपाळीच्या परिचारिकेच्या जागी दुसरी परिचारिका उभी राहते. दोन नोकरांच्या दुकानात एक गेला की दुसऱ्याला जेवायलाही सवड मिळत नाही. मुंबईच्या कचेऱ्यांतून एक सुंदर रीत चालत आली आहे. नाताळला आमच्या मुलांची पाळी हिंदू सहकारी सांभाळतात आणि गणपती-दिवाळीला आमची मुले त्यांची. नव्या माणसाने अजून कोणाची दिवाळी सांभाळलेली नसते. पण ‘या वेळी तुम्ही सांभाळा, दिवाळीत मी येईन’ असे तो म्हणू शकतो. म्हटलेले त्याने पाळले, की जमाखाते उघडले म्हणून समजावे.

देणाऱ्याचीही कसोटी असतेच. आखातात गेलेल्या आपल्या माणसांना ती चांगली ठाऊक आहे. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्याने आई किंवा वडील वारल्यास तीन दिवसांची भरपगारी रजा ठेवली आहे. विमानाने यायचे, माती द्यायची आणि परतायचे, एवढ्यातच ते तीन दिवस संपतात. चौथ्या दिवसापासून पुढे कायदा बोलत नाही, तिथे वरिष्ठाचे मन बोलावे लागते. ‘आत्ता कुठे लागलास आणि लगेच रजा?’ असे ज्याला पहिल्याच वेळी ऐकावे लागते, त्याला पुढच्या वेळी खोटे बोलावेसे वाटते. त्या खोट्याचा काही भाग विचारणाऱ्याच्या खात्यावर लिहिला जावा.

आणि हे विचारणारे नेहमी दुसरेच असतात असे थोडेच आहे? आपल्या घरी, आपल्या वाडीतही माणसे कामाला असतात. जव्हार-मोखाड्याकडून आलेली बाई कामाला लागून महिना होत नाही तोच शिमग्यासाठी गावी जायचे म्हणते. पाड्यावर तो वर्षाचा मोठा सण असतो. तेव्हा आपल्या तोंडून सहज निघून जाते, ‘ही माणसे अशीच, आत्ता आली आणि आत्ता चालली.’ आपल्या मुलाला बहिणीच्या लग्नासाठी चार दिवस मिळाले नाहीत तर आपण साहेबाला निर्दय म्हणतो, आणि तिचे चार दिवस मात्र पगारातून कापतो. शब्बाथाच्या आज्ञेत देवाने दास आणि दासी यांची नावे वेगळी काढून सांगितली आहेत. त्यांनाही तुझ्याप्रमाणेच विसावा मिळावा असे म्हटले आहे, आणि कारण दिले आहे ते असे, की तूही मिसर देशात दास होतास.

रजा मागणाऱ्याने खरे बोलावे, हे आपण मुलांना सांगतो आणि सांगायलाच हवे. पण खरे बोलणाऱ्याचे ऐकून घेणारे कोणी असेल, तरच ते शिकवणे टिकते. त्याची सुरुवात साहेबांच्या केबिनपासूनच व्हावी असे नाही. पुढच्या शिमग्याला आपल्या स्वयंपाकघराच्या दारातूनही ती होऊ शकते.